नमुना सही जुळत नाही

आमचा एक कट्टा आहे. सकाळचं फिरणं आटोपलं की बागेच्या फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकांवर आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी टेकतो. त्यातले चौघे बँकेतले. त्यामुळे गप्पा गुडघ्यांवरून निघोत की अमेरिकेतल्या नातवंडांवरून, त्या शेवटी व्याजदरावर येऊन थांबतात. मार्च २०२५ मधल्या एका सकाळी मात्र त्या एका चित्रावर येऊन थांबल्या. मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेल्याची बातमी होती. चित्र जवळजवळ चौदा फूट लांब आहे, असंही पेपरात दिलं होतं. आमच्यातल्या एकानं तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला, "म्हणजे फुटाला साडेआठ कोटी पडले. दादरला जागेचा हा भाव नाही!" सगळे हसले. मीही हसलो. मग तो माझ्याकडे वळला. "तू लेखक माणूस. नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत जहांगीरला पळायचास. आता सांग, काय आहे एवढं त्या चित्रात?"

मी काहीतरी पुटपुटलो. हुसेननी ते १९५४ साली काढलं, त्यात खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे शेजारी शेजारी मांडलेत, वगैरे. ही सगळी माहिती होती, उत्तर नव्हतं. घरी येताना मला वेगळीच गोष्ट आठवत राहिली. हेच चित्र ऑस्लोच्या एका रुग्णालयाच्या भिंतीवर कित्येक दशकं टांगलेलं होतं. किती डॉक्टर, किती रुग्ण त्याच्यासमोरून गेले असतील! त्यातल्या कितीजणांनी थांबून ते पाहिलं असेल? आणि ज्यांनी पाहिलं असेल, त्यांनी ११८ कोटी हा आकडा मनात न आणता पाहिलं, हे त्यांचं भाग्य म्हणायचं की नाही?

चित्रासमोर उभं राहिलं की आपण मराठी माणसं दोनच प्रश्न विचारतो. एक, याचा अर्थ काय? दोन, किंमत किती? पहिला सुशिक्षितांचा आणि दुसरा व्यवहारी माणसांचा, अशी आपली समजूत आहे. मला विचाराल तर दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. कसे, ते सांगण्यासाठी मला दोन गोष्टींकडे जावं लागेल. एक माझ्या बँकेतल्या टेबलाकडे आणि दुसरं प्रभाकर बरवे नावाच्या चित्रकाराकडे. आधी बरव्यांकडे जाऊ, कारण त्या दिवशी घरी येऊन मी कपाटातून जे पुस्तक काढलं, ते त्यांचं होतं.

'कोरा कॅनव्हास' हे ते पुस्तक. १९९० साली मौज प्रकाशनानं काढलेलं. मी ते दादरला 'आयडियल'मध्ये घेतलं, त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. आपल्याकडे चित्रकारांविषयी पुस्तकं आहेत, पण स्वतः चित्रकारानं आपल्या कामाबद्दल, म्हणजे चित्र सुचतं कसं, वस्तूचा आकार कसा होतो, कोऱ्या कॅनव्हाससमोर उभ्या राहिलेल्या माणसाचं नेमकं काय होतं याबद्दल, आपल्या भाषेत लिहिलेली पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी. बरव्यांनी हे मराठीत लिहिलं. त्याचा इंग्रजी अनुवाद शांता गोखल्यांनी केला, तो यायला २०१३ साल उजाडलं. म्हणजे तेवीस वर्षं हे पुस्तक फक्त मराठी वाचणाऱ्यांचं होतं. आपण त्याचं काय केलं? ज्या घरांच्या दिवाणखान्यात कादंबऱ्यांचे संच ऐटीत उभे आहेत, तिथे मी ते क्वचितच पाहिलं. पुस्तक काही ठिकाणी जड आहे, हे कबूल. काही पानं मी दोनदा वाचूनही माझ्या हाती लागलेली नाहीत. पण ज्ञानेश्वरी कुठे पहिल्या वाचनात हाती लागते? म्हणून ती आपण घरात ठेवायचं सोडतो का?

बरवे मूळचे अलिबाग तालुक्यातल्या नागावचे. जन्म १९३६चा. शिल्पकार विनायकराव करमरकर हे त्यांच्या नात्यातले. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडवला, ते करमरकर. त्यांचं सासवन्याचं शिल्पालय नागावपासून फार लांब नाही. बरवे जे.जे. स्कूलमध्ये शिकले आणि नंतर त्यांनी नोकरी धरली. विव्हर्स सर्व्हिस सेंटर, म्हणजे हातमागाच्या विणकरांना नवी नक्षी, नवी रंगसंगती पुरवणारं सरकारी केंद्र. पुपुल जयकरांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या या केंद्रांत त्या काळचे अनेक चित्रकार नोकरीला होते. बरव्यांची पहिली काही वर्षं, १९६१ ते १९६५, बनारसला गेली आणि मग मुंबईला. अशी सुमारे वीस वर्षं त्यांनी नोकरी केली.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या दुखऱ्या नसेचा भाग आहे. मी सदतीस वर्षं बँकेत होतो आणि त्यातली तीस वर्षं तरी 'नोकरीनं माझ्यातला लेखक खाल्ला' असं येईल त्याला ऐकवत होतो. माझ्या पहिल्या कादंबरीला सात वर्षं लागली, ती क्लोजिंगमुळे. दुसरी फसली, ती बदलीमुळे. बायको एकदा म्हणाली, "अहो, रविवारी तर बँक बंद असते ना?" त्यावर मी दोन दिवस अबोला धरला होता.

बरव्यांच्या चित्रांकडे पाहताना मात्र वाटतं की या माणसानं नोकरीला वैरीण मानलं नाही. बनारसला त्यांना केवळ साड्यांचे काठपदर भेटले नाहीत. तिथे त्यांना तंत्रमार्गातली यंत्रं, चिन्हं, बिंदू-त्रिकोणांची भाषा भेटली आणि त्यांच्या साठच्या दशकातल्या कामात ती उतरली. पुढे तांत्रिक कलेची देशात आणि परदेशात फॅशन झाली. बरवे तिथे बसून राहिले असते तर त्यांचं बरं चाललं असतं. पण ते तिथून उठले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धीट निर्णय हाच. चाललेलं दुकान बंद करून नवं उघडणं काय असतं, हे बँकेत कर्जाची प्रकरणं पाहिलेल्या माणसाला विचारा.

नंतरच्या चित्रांत त्यांनी काय घेतलं? पान, घड्याळ, शंख, पेअरचं फळ, सेफ्टी पिन, ढग. घरात आणि अंगणात मिळणाऱ्या वस्तू. आणि रंग कुठला? इनॅमल. आपण दारं-खिडक्यांना, लोखंडी कपाटांना लावतो तो डब्यातला रंग. तैलरंगात कुंचल्याचा फटकारा दिसतो, चित्रकाराचा हात दिसतो. इनॅमल आपल्या वजनानं पसरतो, सपाट होतो आणि हात पुसून टाकतो. फिकट, मोकळ्या पार्श्वभूमीवर बरव्यांचं एखादं पान असं येऊन थांबतं की ते कुणी काढलंय असं वाटतच नाही. ते तिथे होतंच, आपल्याला आत्ता दिसलं, असं वाटतं. शेजारी दुसरी वस्तू असते. दोघींत व्यवहारातलं काही नातं नसतं. पण मधली मोकळी जागा अशी ताणलेली असते, की दोन वाळत घातलेल्या धोतरांमधली दोरी. वस्तूची सावली वस्तूशी इमान राखेलच असंही नाही. आणि मागावरच्या कापडात जसा प्रत्येक धागा आपल्या जागी असतो, तशी इथे रिकामी जागासुद्धा मोजून विणलेली असते. हे त्यांना विणकरांनी शिकवलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वीस वर्षं कापडाशेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यात कापड उतरलं नसेल, यावर माझा विश्वास बसणार नाही.

त्यांचं एक चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते फोर्टातल्या शाखेत असताना. तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी होती. अर्ध्या तासाच्या सुट्टीत डबा संपवून मी तिथे धावत जायचो. तेव्हाची माझी कबुली द्यायला हरकत नाही. ते चित्र मला कळलं नाही. पान कळलं, घड्याळ कळलं, चित्र कळलं नाही. मी शेजारचं लेबल वाचलं, पुन्हा चित्र पाहिलं, पुन्हा लेबल वाचलं आणि वेळ संपली म्हणून निघालो. पंधरा मिनिटांत मी चित्र जेवढं पाहिलं, त्याच्या दुप्पट वेळ लेबल पाहिलं असेल.

आता माझ्या टेबलाकडे येतो. १९९४च्या सुमारास माझी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी बदली झाली. तिथे माझं रोजचं काम म्हणजे स्लिपा आणि चेक पास करणं. तेव्हा संगणक आमच्यापर्यंत पोचला नव्हता. सह्यांची कार्डं लाकडी खणांत असत. कार्ड काढायचं, नमुना सही आणि स्लिपेवरची सही शेजारी धरायची. सुरुवात कुठे होते, वळण कसं आहे, पेन कुठे उचललंय, खाली रेघ मारायची सवय आहे का, रेघेखाली दोन ठिपके आहेत का. डोळा इतका तयार होतो की शंभर सह्या पाऊण तासात होतात. एका जुन्या हेडक्लार्कनी मला एक गोष्ट शिकवली होती. सही थोडी इकडेतिकडे असेल तर घाबरू नकोस, माणूस एकसारखी सही दोनदा करत नाही. पण ती अगदी हुबेहूब जुळली तर मात्र दोनदा बघ, कुणीतरी गिरवलेली असेल. शिकवण सोन्यासारखी होती. मी ती विसरलो.

एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला पेन्शन काढायला यायचे. टपालखात्यातून निवृत्त झालेले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, सही मोत्यासारखी. मध्ये तीन-चार महिने आले नाहीत. आले ते काठी टेकत. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजव्या हातानं त्यांनी स्लिपेवर सही केली, म्हणजे सही करण्याचा प्रयत्न केला. ती अर्थातच जुळली नाही. मी स्लिप परत केली. त्यांनी दुसरी लिहवून घेतली, पुन्हा सही केली. तीही जुळली नाही. "आजोबा, सही जुळत नाही," मी म्हणालो. ते काउंटरच्या जाळीतून माझ्याकडे पाहत राहिले आणि अडखळत म्हणाले, "साहेब, सही बदललीय. मी तोच आहे."

नियमात वाट होती. आजारी खातेदाराचा अंगठा घ्यायचा, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार घ्यायचे, काम पाच मिनिटांचं. शाखेतला शिपाईसुद्धा त्यांना नावानं ओळखत होता. पण मागच्याच पंधरवड्यात एका चुकीच्या चेकवरून मला वरून मेमो आला होता आणि मी कागदाला चिकटून बसलो होतो. मी त्यांना डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितलं, फोटो आणायला सांगितलं. ते दुसऱ्या आठवड्यात आले तेव्हा दाखल्यावर शिक्का नव्हता. मी तेवढ्यासाठी परत पाठवलं. मग ते आले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला. त्या दाखल्यावर शिक्का होता. मुलगा काही बोलला नाही. त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी खातं बंद करताना त्या परत केलेल्या स्लिपा माझ्या हाती लागल्या. त्या फाडून टाकायच्या राहून गेल्या होत्या. दोन पहिल्या दिवशीच्या, दोन दुसऱ्या खेपेच्या. मी त्या टेबलावर मांडल्या आणि कार्ड शेजारी न ठेवता पाहिल्या. तोपर्यंत मी त्या पाहिल्याच नव्हत्या. मी फक्त जुळवल्या होत्या. पहिलीत रेघ थरथरत वर चढली होती आणि मध्येच पडली होती. दुसरीत त्यांनी आडनावापासून सुरुवात करून पाहिली होती. चौथीत, एवढ्या मोडतोडीतही, 'र'चं ते पूर्वीचं डौलदार पोट जसंच्या तसं उमटलं होतं. म्हणजे मधल्या आठवड्यात घरी बसून ते सराव करत होते.

मी काय म्हणतोय ते लक्षात आलं असेल. चित्रासमोर उभे राहून आपण नमुना सही जुळवत असतो. आपल्या डोक्यातल्या खणात कार्डं तयार असतात. झाड असं दिसतं, बाई अशी दिसते, सुंदर चित्र असं असतं. समोरचं त्याच्याशी जुळलं तर पास, नाही तर 'अर्थ काय?' असं विचारून परत. किंमत विचारणं म्हणजे तर दुसऱ्या कुणीतरी आधीच जुळवून पास केलेली स्लिप मागणं. बरव्यांचं पुस्तक मी त्या गावी पुन्हा काढून वाचलं, आणि मुंबईत जे पंधरा मिनिटांत दिसलं नव्हतं ते थोडं थोडं दिसू लागलं. वस्तूला तिच्या नावातून आणि उपयोगातून सोडवायचं आणि मग ती काय आहे ते पाहायचं, हा त्यांचा मार्ग आहे, असं मला वाचताना उमगलं. घड्याळ किती वाजले ते सांगत नाही अशा क्षणी घड्याळ काय असतं? सेफ्टी पिन कशालाच जोडत नाही तेव्हा ती काय असते? हे पाहण्याचं काम चित्रकारानं एकट्यानं करून भागत नाही. त्यानं अर्धं करून ठेवलेलं असतं, उरलेलं पाहणाऱ्यानं करायचं असतं. ६ डिसेंबर १९९५ रोजी बरवे गेले. मुंबईचा पेपर आमच्याकडे दुपारच्या एसटीनं यायचा. मी बातमी वाचली तेव्हा टेबलावर स्लिपांचा गठ्ठा होता आणि मी त्या दिवशी जरा सावकाश काम केलं, एवढं आठवतं. ते एकोणसाठ वर्षांचे होते.

ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत शिकवण्यासारखी आहे आणि गंमत म्हणजे ती शिकवण्याची सोय आपल्याकडे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा कुठल्या मराठी घराला ठाऊक नाहीत? त्यातला वस्तुचित्राचा पेपर आठवा. स्टुलावर तांब्या, शेजारी दोन वांगी किंवा कांदा, मागे चुणीदार कापड. आपण सगळ्यांनी तो तांब्या काढलाय. बरव्यांनीही आयुष्यभर वस्तुचित्रच काढलं, असं म्हणता येईल. फरक एवढाच की आपल्याला तांब्या तांब्यासारखा दिसला की गुण मिळायचे. आता तर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलांना या परीक्षांना बसवतात आणि तांब्या कसा काढायचा याचे क्लास निघालेत. तिथे मुलं तांब्याकडे पाहतच नाहीत, सरांनी फळ्यावर काढलेल्या तांब्याकडे पाहतात. हुबेहूब जुळतो. हेडक्लार्क म्हणाले असते, दोनदा बघ.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं, 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' नावाचं. उद्घाटनाच्या वेळी अमोल पालेकरांना भाषणात मध्येच अडवलं गेलं आणि पुढचे कित्येक दिवस वर्तमानपत्रांत त्याचीच चर्चा होती. ती व्हायलाच हवी होती. पालेकर स्वतः जे.जे.चे आणि पूर्वाश्रमीचे बँकेतले कारकून, त्यामुळे माझी सहानुभूती दुप्पट. पण त्या गदारोळात भिंतीवरच्या चित्रांबद्दल किती ओळी छापून आल्या? आपल्याला भांडण दिसतं, कारण त्याचा नमुना आपल्याकडे असतो.

मी आणि बायको त्या प्रदर्शनाला गेलो. कावसजी जहांगीर सभागृहाचा तो गोल जिना चढत चढत वर जायचं. काचेच्या पेट्यांत त्यांच्या वह्या मांडल्या होत्या, नोंदी आणि रेखाटनं. मी तिथेच रेंगाळलो. लिहिणाऱ्या माणसाला वह्यांचा मोह आवरत नाही. बायको पुढे गेली होती. थोड्या वेळानं पाहतो तर ती एका चित्रासमोर उभी. जवळ गेल्यावर म्हणाली, "यात कुणीतरी आत्ताच खोलीतून उठून गेलंय." मी म्हणालो, "पण खोली कुठे आहे? भिंत नाही, दार नाही." ती म्हणाली, "मी तेच म्हणतेय." बरव्यांबद्दल माझी जी एक तक्रार होती, ती तिच्या या बोलण्यानं ढिली पडली. त्यांची काही उशिराची चित्रं मला थंड वाटत आली आहेत. वस्तू आहेत, माणूस नाही, घरचे सगळे गावाला गेल्यासारखं. ती तक्रार अजून पूर्ण गेलेली नाही. पण नसलेलं माणूससुद्धा चित्रात असू शकतं, हे मला आता नाकारता येत नाही.

तर कट्ट्यावरच्या त्या मित्राला मी उत्तर दिलं नाही. एका रविवारी त्याला घेऊन जहांगीरला गेलो. मोठं नाव कुणाचंच नव्हतं, नव्या पोरांचं प्रदर्शन होतं. तो पहिल्या चित्रापाशी गेला आणि सवयीनं लेबल वाचायला वाकला. मी त्याचा दंड धरला. "थांब. दोन मिनिटं वाचू नकोस. किंमत पण विचारू नकोस." तो वैतागला, पण हात मागे बांधून उभा राहिला, ऑडिटला आल्यासारखा. मी घड्याळ पाहिलं नाही, पण दोन मिनिटांपेक्षा जास्तच झाली. मग तो म्हणाला, "हा डावीकडचा खालचा कोपरा मला पटत नाही. इथे याने घाई केलीय."

"का वाटतं असं?"

"माहीत नाही. पण केलीय." तो पुन्हा पुढे झुकला, या वेळी लेबलाकडे नव्हे, कोपऱ्याकडे. पूर्वी गॅलरीतच समोवार होतं, ते २०१५ साली बंद झालं. आता चहाला बाहेर फुटपाथवर जावं लागतं. मी त्याला म्हटलं, "चल, चहा घेऊ." तो म्हणाला, "थांब रे जरा."